सॉफ्टवेअर रेड : 'ॲक्टिव्ह किती? स्पेअर किती?' यात नक्की काय भरायचं असतं?

नौपाडेकर

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्यात आमचा छोटा स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, जे येईल त्याचे फोटो-व्हिडिओ. सराईत एकेका लग्नाचं फूटेज चार-पाचशे जीबीच्या घरात जातं आणि टेबलावर सुट्या डिस्कांचा खच पडतो. कोणत्या डिस्कवर कोणाची हळद, हे लेबलं लावूनही वेळेवर सापडत नाही. म्हणून जुन्या डेस्कटॉपात ४ टीबीच्या तीन डिस्क आणि सिस्टिमसाठी एक लहान एसएसडी घातली आणि डेबियन (लिनक्स) टाकायला घेतलं. डोक्यात रेड५ आहे, म्हणजे तिन्ही डिस्क जोडून एक मोठी जागा करायची आणि त्यातली एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचायला हवा.

इथपर्यंत ठीक. पुढे इन्स्टॉलर एकेक प्रश्न टाकतोय आणि मी प्रत्येकावर अडकतोय. आधी म्हणतो पार्टिशन 'फिजिकल व्हॉल्यूम फॉर रेड' करा. मग 'क्रिएट एमडी डिव्हाइस'. मग 'नंबर ऑफ ॲक्टिव्ह डिव्हाइसेस'. मग 'नंबर ऑफ स्पेअर डिव्हाइसेस'. मला वाटलं, दोन चालू आणि एक जपून ठेवलेली, म्हणून २ आणि १ भरायला गेलो, तर किमान तीन ॲक्टिव्ह हव्यात म्हणाला. ३ आणि १ भरलं, तर तुमच्याकडे तीन पार्टिशनं आहेत, लागणार चार, असं सांगून परत पाठवलं.

स्पेअर म्हणजे बॅकअपची डिस्क का? आणि ती नसेल तर रेड५चा उपयोग काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा. मशीन त्याच पडद्यावर उभं आहे.

टवाळ टॉवर

वाखू (वाचनखूण) साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

(क्लाउडवर का टाकत नाही, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून मीच विचारून मोकळा होतो.)

नौपाडेकर

@टवाळ, एका लग्नाचं फूटेज वर चढेपर्यंत त्या जोडप्याचं बारसं येतं आमच्याकडे.

टीटीसी_रात्रपाळी

महापेला डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला आहे. सध्या शांतता आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोंधळ होणारच, कारण तो पडदा 'डिव्हाइस' हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो. 'एमडी डिव्हाइस' म्हणजे सगळ्या डिस्क मिळून जो एक मोठा, बनलेला तुकडा दिसतो तो, म्हणजेच ॲरे. तुम्ही फाइल सिस्टिम घालणार ती याच्यावर. आणि 'ॲक्टिव्ह डिव्हाइसेस'मधले डिव्हाइस म्हणजे त्या ॲरेच्या पोटात जाणारी एकेक पार्टिशनं. पहिला शब्द अख्ख्यासाठी, दुसरा भागांसाठी. 'डिलीट एमडी डिव्हाइस' असा पर्याय दिसला तर तो अख्खा ॲरे मोडतो, त्यातली एक डिस्क काढत नाही. हे आधी डोक्यात पक्कं करा, बाकीचं आपोआप सुटतं.

'फिजिकल व्हॉल्यूम फॉर रेड' निवडलं म्हणून काही बनत नाही. त्या पार्टिशनवर 'हे रेडसाठी राखलं आहे' अशी चिठ्ठी लागते, इतकंच. तिथेच शेजारी 'फिजिकल व्हॉल्यूम फॉर एलव्हीएम' असाही पर्याय असतो, तो घाईत निवडू नका. मग रेडच्या यादीत ते पार्टिशन येतच नाही आणि माणूस डिस्क खराब म्हणून केबली बदलत बसतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कबड्डीत सात जण मैदानात आणि पाच राखीव बाकावर असतात. ॲक्टिव्ह म्हणजे मैदानातले, स्पेअर म्हणजे बाकावरचे. बाकावर बसलेला गुण आणत नाही, पकडही करत नाही. स्पेअर डिस्कवर तुमच्या फूटेजचा एक बाइटसुद्धा नसतो. ती मशीनमध्ये लावलेली, वीज खाणारी, पण रिकामी डिस्क. ॲक्टिव्हपैकी एखादी गेली की एमडी (लिनक्समधला रेड सांभाळणारा भाग) कोणाला न विचारता स्पेअरला आत घेतो आणि उरलेल्यांवरच्या माहितीवरून तिच्यावर सगळं नव्याने उभारतो. तोपर्यंत तिच्यात काही नाही. तेव्हा बॅकअपची डिस्क म्हणजे स्पेअर, हे डोक्यातून काढा.

संरक्षण येतं ते ॲक्टिव्ह डिस्कांच्या आपापसातल्या मांडणीतून. रेड५मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला (बाकीच्या डिस्कांवरच्या डेटावरून काढलेलं गणित, ज्यावरून गेलेल्या डिस्कवरचं परत काढता येतं) जाते, म्हणून तीन ॲक्टिव्ह घेतल्या की १२ टीबीतले ८ टीबी हाती लागतात आणि कुठलीही एक डिस्क गेली तरी काम चालतं. त्यासाठी स्पेअर असावीच लागते असं नाही.

म्हणजे तुमचं उत्तर: ॲक्टिव्ह ३, स्पेअर ०. पडद्यावर ० आधीपासून भरलेलाच असतो, तो तसाच राहू द्या.

खारघरचा शंकासुर

मग तिसरी डिस्क पॅरिटीची ना? दोन डिस्कवर डेटा आणि तिसरीवर पॅरिटी?

टीटीसी_रात्रपाळी

नाही. तसं रेड४मध्ये असतं. रेड५मध्ये पॅरिटी पाळीपाळीने सगळ्या डिस्कांवर फिरते. एका पट्ट्याची पॅरिटी तिसऱ्या डिस्कवर, पुढच्याची दुसरीवर, त्यापुढच्याची पहिलीवर. म्हणून इन्स्टॉलर कुठेही 'पॅरिटीची डिस्क कोणती' असं विचारत नाही. तिन्ही डिस्क सारख्याच मानाच्या. 'पॅरिटी ड्राइव्ह' हा शब्द काही तयार एनएएस (नेटवर्कवरच्या साठवणीच्या खोक्यांच्या) सॉफ्टवेअरांमध्ये भेटतो आणि तिथे तो बरोबरही असतो, पण लिनक्सच्या एमडीत रेड५ला तो लावू नका.

आक्का_ऐरोली

रात्रपाळीवाल्या भाऊंनी नीट सांगितलंय. मी एवढंच सुचवेन की एसएसडी वेगळी आहे, तर इन्स्टॉलरमधून ॲरे बनवायच्या भानगडीत पडूच नका. डेबियन एसएसडीवर टाका, तिन्ही मोठ्या डिस्क तशाच राहू द्या आणि मशीन सुरू झाल्यावर एमडीएडीएमने (लिनक्समध्ये ॲरे हाताळायची कमांड) हाताने ॲरे करा. उद्या सिस्टिम पुन्हा टाकायची वेळ आली तर डेटाच्या डिस्कांच्या केबली काढून निवांत टाकता येते.

फक्त तिथे शब्द बदलतात, ते आधीच सांगून ठेवते. इन्स्टॉलर ज्याला 'ॲक्टिव्ह डिव्हाइसेस' म्हणतो त्याला एमडीएडीएमच्या कमांडमध्ये 'रेड-डिव्हाइसेस' म्हणतात. 'ॲक्टिव्ह' शब्द एमडीएडीएमच्या अहवालातही येतो, पण तिथे त्याचा अर्थ निराळा आहे. तो दिसेल तेव्हा बोलू.

नौपाडेकर

आक्का, तुमचं ऐकलं. डेबियन टाकून झालं, आता एमडीएडीएमच्या क्रिएटवर आहे. लेव्हल ५, रेड-डिव्हाइसेस ३ दिलं. आता हा दोन गोष्टी विचारतोय. एका डिस्कबद्दल म्हणतो की यावर पार्टिशन टेबल आहे, 'कंटिन्यू क्रिएटिंग ॲरे?' (ती डिस्क आधी एक्स्टर्नल खोक्यात होती, तिच्यावरचं सगळं दुसरीकडे उतरवून घेतलंय.) दुसरं, रिकव्हरीचा वेग वाढवण्यासाठी 'राइट-इंडेंट बिटमॅप' चालू करू का, वाय की एन? इंडेंट म्हणजे परिच्छेदाची समास ना? ती डिस्कवर कशाला? नेटवर शोधून काही मिळेना. अजून उत्तर दिलेलं नाही.

आक्का_ऐरोली

शोधून मिळणार नाही, कारण ती त्या प्रश्नातली छपाईची चूक आहे. शब्द 'राइट-इंटेंट' असा हवा, म्हणजे लिहिण्याचा इरादा. डिस्कच्या एखाद्या भागात लिहिण्याआधी एमडी छोट्याशा नकाशात खूण करतो की इथे काम चालू आहे, आणि लिहून झाल्यावर ती पुसतो. मध्येच वीज गेली तर पुन्हा चालू झाल्यावर ज्या भागांवर खुणा शिल्लक असतील तेवढेच तपासले जातात. हा नकाशा नसेल तर सबंध ४ टीबी पहिल्यापासून जुळवत बसावं लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात दिवे कसे जातात ते तुम्हाला सांगायला नको. वाय द्या. नुसतं एंटर दाबलं तर उत्तर एन धरलं जातं, तेवढं सांभाळा.

हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी: कोणी एन देऊन बसलं असेल तर नंतर ग्रो कमांडने बिटमॅप जोडता येतो. पण ॲरेची जुळवणी चालू असताना जोडायला गेलात तर तो नाही म्हणतो, ती संपेपर्यंत थांबा.

आता पहिला प्रश्न, आणि तिथे जरा थांबून वाचा. 'पार्टिशन टेबल एक्झिस्ट्स' हा साधा इशारा आहे, डिस्कवर आधी काहीतरी होतं. तुमच्या बाबतीत ते ठाऊक आहे, पुढे जा. पण त्याच जागी दुसरं एक वाक्य येऊ शकतं: 'अपिअर्स टु बी पार्ट ऑफ अ रेड ॲरे', पुढे लेव्हल, डिस्कांची संख्या आणि बनवल्याची तारीख. हे दिसलं की हात कीबोर्डवरून काढायचा. त्या डिस्कवर जुन्या ॲरेचा शिक्का आहे आणि तुम्ही क्रिएट म्हणून तो पुसायला निघाला आहात.

वाशीतल्या एका ऑफिसचं काम माझ्याकडे आलं होतं. जुना सर्व्हर बंद पडला म्हणून त्यातल्या डिस्क नव्या मशीनमध्ये लावल्या, आणि 'ॲरे पुन्हा बनवायचा' म्हणून कोणीतरी क्रिएट चालवलं. इशारा आला, वाय दाबलं. खरं तर तिथे असेंबल हवं होतं. असेंबल म्हणजे डिस्कांवरचे शिक्के वाचून आहे तो ॲरे जोडणं. क्रिएट म्हणजे नवे शिक्के मारणं. जुना ॲरे ६४ केबीच्या चंकने बनलेला, आणि नव्या एमडीएडीएमला न सांगितल्यास तो ५१२ केबी धरतो. शिक्क्याचा प्रकारही पूर्वी ०.९० असायचा, आता १.२. त्यामुळे डेटा डिस्कच्या ज्या ठिकाणापासून सुरू होतो ते ठिकाणच सरकलं. ॲरे 'बनला', पण माउंट होईना. वर रेड५ बनवताना एमडी एका डिस्कवर ताबडतोब लिहायला सुरुवात करतो, म्हणजे तेवढा भाग तर गेलाच. उरलेल्या दोन डिस्कांच्या प्रती काढून, जुनी चंक आणि जुना क्रम लावून बरंच परत मिळालं. सगळं नाही.

चंकचं निघालंच आहे तर एक. चंक म्हणजे एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा. स्ट्राइप म्हणजे सगळ्या डिस्कांवरचे त्या ओळीतले तुकडे मिळून होणारा पट्टा. बाजारातल्या कंट्रोलर कार्डांच्या मेनूत बरेचदा चंकलाच 'स्ट्राइप साइझ' म्हणतात, म्हणून तिकडचा आकडा इकडे उतरवताना विचारा. तुमच्या मोठ्या व्हिडिओ फाइलींना ५१२ केबी छान आहे, हात लावू नका.

येऊरचा वारा

आक्का, त्या वाशीच्या ऑफिसकडे बॅकअप नव्हता?

आक्का_ऐरोली

होता ना. त्याच सर्व्हरवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये.

टवाळ टॉवर

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य धाग्यात आलं नव्हतं, म्हणून बेचैन होतो. आता झोपतो.

नौपाडेकर

@टवाळ, माहीत आहे राव. डिलिव्हरी झालेल्या लग्नांची एक प्रत डोंबिवलीला भावाकडे जाते.

पण मंडळी, आता खरा घोळ झालाय. ॲरे बनवला, स्पेअर शून्य. आणि ॲरेची सद्यस्थिती दाखवणारी प्रॉकमधली एमडीस्टॅट फाइल उघडली तर हे दिसतंय (इथे देवनागरीत उतरवतोय):

एमडी० : ॲक्टिव्ह रेड५ एसडीडी१[३] एसडीसी१[१] एसडीबी१[०]
[३/२] [यूयू_]
रिकव्हरी = ४.१%, फिनिश = ४१६ मिनिटं, स्पीड = १५०००० के/सेकंद

एमडीएडीएमच्या डिटेलमध्ये तर आणखी भारी. स्टेट: क्लीन, डिग्रेडेड, रिकव्हरिंग. रेड डिव्हाइसेस ३, टोटल ३, ॲक्टिव्ह २, वर्किंग ३, फेल्ड ०, स्पेअर १. आणि तिसऱ्या डिस्कपुढे 'स्पेअर रीबिल्डिंग'.

मी स्पेअर दिलीच नाही, मग ही आली कुठून? नवाकोरा ॲरे डिग्रेडेड, म्हणजे एक डिस्क कमी असलेला, कसा? दुकानदाराने खराब डिस्क गळ्यात मारली का?

टीटीसी_रात्रपाळी

डिस्क ठणठणीत आहे, दुकानदाराला शिव्या देऊ नका. आक्का म्हणाल्या होत्या ना 'दिसेल तेव्हा बोलू', ते हेच.

रेड५ नवा बनवताना तिन्ही डिस्कांवर आधीचा काहीबाही मजकूर असतो, त्यामुळे पॅरिटी जुळलेली नसते. ती जुळवायचे दोन मार्ग. एक, तिन्ही वाचायच्या, चुकीची पॅरिटी सापडली की दुरुस्त करायची. दुसरा, दोन डिस्क खऱ्या धरायच्या आणि तिसरीवर काय असायला हवं ते गणित करून सलग लिहीत सुटायचं. दुसरा मार्ग बहुतेकदा जास्त वेगवान पडतो, कारण दोन डिस्क नुसत्या सरळ वाचल्या जातात, एक नुसती सरळ लिहिली जाते, डोकं मागेपुढे पळत नाही. म्हणून एमडीएडीएम मुद्दाम एक डिस्क कमी असलेला ॲरे बनवतो आणि शेवटची डिस्क स्पेअर म्हणून आत घालतो. एमडीला एवढंच कळतं की एक जागा रिकामी आहे आणि एक स्पेअर हजर आहे. तो कामाला लागतो. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे आणि फोर्स पर्याय दिला तर बंदही करता येतं. तुमच्या तिसऱ्या डिस्कपुढे कंसात [२]च्या जागी [३] दिसतोय, तोही याचाच परिणाम, तो तसाच राहील.

आता त्या आकड्यांची उजळणी. 'रेड डिव्हाइसेस ३' म्हणजे ॲरेत एकूण जागा किती. हाच इन्स्टॉलरचा 'ॲक्टिव्ह'. पण डिटेलमधला 'ॲक्टिव्ह २' म्हणजे त्या जागांपैकी किती जागांवर या क्षणी पूर्ण, ताजा डेटा असलेली डिस्क बसली आहे. 'वर्किंग ३' म्हणजे ॲक्टिव्ह आणि स्पेअर मिळून धडधाकट डिस्क. 'फेल्ड ०' पाहिलंत ना? काळजीचा आकडा तो. वर्किंग तीन आणि फेल्ड शून्य असेल तर निवांत चहा घ्या.

आणि एमडीस्टॅटच्या पहिल्या ओळीतला 'ॲक्टिव्ह'? तो आणखी तिसराच. त्याचा अर्थ ॲरे चालू केलेला आहे, बस. उद्या एक डिस्क जळाली तरी तिथे 'ॲक्टिव्ह'च दिसेल. कित्येक जण त्या शब्दावर नजर टाकून 'ॲरे बरा आहे' म्हणतात आणि शेजारच्या कंसाकडे बघत नाहीत. बघायचं ते कंसात: यू म्हणजे जागा भरलेली, अधोरेषा म्हणजे रिकामी. डिस्कच्या नावापुढे एफ आला तर ती बाद झालेली, एस आला तर स्पेअर.

(डिटेलमध्ये स्टेटपुढे कधी 'क्लीन', कधी 'ॲक्टिव्ह' येतं, तो चौथा. तिथे 'ॲक्टिव्ह' म्हणजे नुकतंच काही लिहिलं जातंय, 'क्लीन' म्हणजे सगळं लिहून झालंय. घाबरायचं कारण दोन्हींत नाही. एकाच शब्दाला इतकं राबवायची हौस कोणाची होती कोण जाणे.)

सात तास लागतील. तोवर ॲरे वापरता येतो, पण संरक्षण नाही. कॅमेऱ्याची कार्डं पुसू नका.

लोकमान्यनगर_२

मध्येच दिवे गेले तर पुन्हा शून्यापासून का? आमच्याकडे गेल्या आठवड्यात दुपारभर नव्हते.

टीटीसी_रात्रपाळी

नाही, कुठवर आलं याची नोंद शिक्क्यात अधूनमधून होत असते. नीट शटडाउन केलं तर तिथूनच पुढे चालतं, अचानक गेलं तर शेवटच्या नोंदीपासून. तरी यूपीएस घ्याच.

खारघरचा शंकासुर

माझ्या घरच्या मशीनवर एक ॲरे 'ॲक्टिव्ह (ऑटो-रीड-ओन्ली)' आणि 'रीसिंक=पेंडिंग' दाखवतोय, महिनाभर. बिघडलाय का?

आक्का_ऐरोली

स्वॅपचा (मेमरी कमी पडली की वापरायच्या जागेचा) आहे ना तो? त्यावर अजून कोणी काही लिहिलंच नाही, म्हणून तो वाट बघतोय. पहिलं लिखाण झालं की आपोआप सुरू होईल.

रीसिंक आणि रिकव्हरी यातही फरक आहे बरं का. रीसिंक म्हणजे सगळ्या डिस्क जागेवर आहेत, फक्त त्यांचं एकमेकींशी जुळतंय का ते बघून जुळवणं. रिकव्हरी म्हणजे रिकाम्या जागी आलेल्या डिस्कवर नव्याने उभारणी. रीशेप म्हणजे डिस्कांची संख्या किंवा लेव्हलच बदलणं. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी डिस्क घरघरायला लागल्या आणि 'चेक' दिसलं, तर ती डेबियनने ठरवून ठेवलेली तपासणी आहे. एका डॉक्टरांनी त्या घरघरीला घाबरून मशीनच बंद करून ठेवलं होतं.

नौपाडेकर

झालं! [३/३] [यूयूयू]. स्पेअर शून्य, ॲक्टिव्ह तीन. जिवात जीव आला.

आता पुढचा विचार. मशीनमध्ये आणखी एका डिस्कची जागा आहे. सराईआधी लॅमिंग्टन रोडवरून अजून एक ४ टीबी आणेन म्हणतो. ती स्पेअर म्हणून ठेवू का? म्हणजे एक गेली की आपोआप भरपाई. मी रात्री शूटवर असतो, डिस्क गेली तर बघायला कोणी नसतं.

कळवा_पूल

माझं मत स्पेअर. माझ्याकडे तसंच आहे, डोक्याला ताप नाही.

टीटीसी_रात्रपाळी

माझं मत: स्पेअर नको, अगदी ठाम. चार डिस्क असतील तर रेड६ करा.

हिशेब बघा. रेड५, तीन ॲक्टिव्ह, एक स्पेअर: वापरायला ८ टीबी. रेड६, चार ॲक्टिव्ह, स्पेअर शून्य: वापरायला तेही ८ टीबीच. पैसे तेवढेच, जागा तेवढीच. पण पहिल्यात डिस्क गेली की स्पेअरवर उभारणी होईपर्यंतचे ते सात-आठ तास तुम्ही उघडे. त्याच वेळात उरलेल्या दोन्ही डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचल्या जातात, आणि ज्या कोपऱ्यात वर्षभर कोणी फिरकलं नाही तिथला खराब सेक्टर नेमका तेव्हा सापडतो. रेड६मध्ये एक गेली तरी दुसरी जाण्याची मुभा शिल्लक असते. चौथी डिस्क फिरणारच आहे, वीज खाणारच आहे, तर तिला रिकामी का फिरवायची?

कळवा_पूल

पण रेड६ला लिहायला वेळ जास्त लागतो. छोट्या छोट्या लिखाणात तर फारच.

टीटीसी_रात्रपाळी

बरोबर, डेटाबेस असता तर मीही दोनदा विचार केला असता. यांचं काम काय? कार्डावरून शंभर जीबी सलग उतरवायचं आणि मग वाचत बसायचं. मध्ये गिगाबिटची केबल आहे, ती सेकंदाला ११०-११५ एमबीच्या वर जात नाही. डिस्क तिथे अडणार नाहीत.

स्पेअरचं महत्त्व मी नाकारत नाही. आमच्याकडे एका खोक्यात तीन-चार ॲरे असतात आणि सगळ्यांना मिळून एक स्पेअर ठेवतो. एमडीएडीएममध्ये स्पेअर-ग्रुप म्हणून सोय आहे, मॉनिटर (पडदा नव्हे, एमडीएडीएमचा ॲरेंवर पहारा देणारा भाग) चालू असेल तर ज्याची डिस्क जाईल त्याच्याकडे स्पेअर सरकते. तिथे ते पैसे वसूल होतात. एकाच ॲरेसाठी नाही.

आक्का_ऐरोली

रात्रपाळीला माझं अनुमोदन. फक्त नौपाडेकर, चौथी डिस्क जोडताना पुन्हा शब्दांत अडकाल म्हणून सांगते. भरलेल्या ॲरेत डिस्क 'ॲड' केली की ती आधी स्पेअरच होते. ॲड म्हणजे 'वाढवलं' असं नाही, जागा तीनच राहतात. मग ग्रो कमांडने लेव्हल ६ आणि रेड-डिव्हाइसेस ४ सांगायचं, तेव्हा ती खरी आत येते आणि रीशेप सुरू होतं. ते उभारणीपेक्षा पुष्कळ सावकाश चालतं, एक-दोन दिवस धरून चाला.

त्या वेळी तो 'बॅकअप-फाइल' मागेल. ती तुमच्या फूटेजची प्रत नव्हे. रीशेप करताना जो पट्टा त्या क्षणी उलटापालटा होतोय, तेवढ्याचीच तात्पुरती नोंद तिच्यात असते, म्हणजे मध्येच वीज गेली तर तो पट्टा वाचतो. ती एसएसडीवर द्या, ॲरेवर नको. आणि रीशेपच्या आधी भावाकडची प्रत ताजी करा.

पुढे कधी डिस्क कुरकुरायला लागली, पण पूर्ण गेलेली नसेल, तर 'फेल' करून काढू नका. 'रिप्लेस' वापरा. जुनी आपल्या जागेवर राहते, नवीवर प्रत उतरते, झाल्यावर जुनी बाजूला होते. मधल्या काळात ॲरे डिग्रेडेड होतच नाही.

येऊरचा वारा

अवांतर: मी रेड१० करत होतो, तर लेआउट विचारलं आणि 'एन२' आधीच भरलेलं. हे काय?

टीटीसी_रात्रपाळी

एन म्हणजे निअर, २ म्हणजे प्रत्येक चंकच्या प्रती दोन. एफ म्हणजे इंग्रजीतला फार (दूर), ओ म्हणजे ऑफसेट, प्रती डिस्कवर कुठे ठेवायच्या त्याचे प्रकार. एन२ राहू द्या. आणि लिनक्सच्या रेड१०ला तीन डिस्कही चालतात, समच हव्यात असं नाही.

टवाळ टॉवर

अवांतराला अवांतर: रेडमधला आय म्हणजे 'इनएक्स्पेन्सिव्ह', असं आमचे सर सांगायचे. आता सगळीकडे 'इंडिपेंडंट' दिसतं. सर चुकले का?

आक्का_ऐरोली

सर बरोबर. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८च्या निबंधाच्या शीर्षकात 'इनएक्स्पेन्सिव्ह'च आहे. स्वस्त डिस्कांच्या जुडीने महागड्या डिस्कला तोंड द्यायचं, हाच त्यांचा मुद्दा होता. पुढे रेडची खोकी विकणाऱ्यांना 'स्वस्त' हा शब्द नावात परवडेना.

नौपाडेकर

चौथी डिस्क आणून रेड६च करतो, ठरलं. तोवर एक नवीन भानगड. आक्कांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) सांगितल्याप्रमाणे मॉनिटरला माझा मेल पत्ता दिला. मशीन पुन्हा चालू केल्यावर मेल आला: 'स्पेअर्स मिसिंग'. दुसऱ्यांदा चालू केलं, पुन्हा तोच. ॲरे तर [यूयूयू] आहे. कुठली स्पेअर हरवली? दिलीच नव्हती ना!

आक्का_ऐरोली

एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये ॲरेची ओळ कधी टाकलीत? ती पहिली उभारणी चालू असताना?

नौपाडेकर

हो, त्याच रात्री. डिटेल-स्कॅनने जी ओळ दिली ती तशीच चिकटवली.

आक्का_ऐरोली

मग त्या ओळीत 'स्पेअर्स=१' आहे बघा. स्कॅन केलंत तेव्हा तिसरी डिस्क स्पेअर म्हणून उभारली जात होती, त्यामुळे त्याने ओळीत एक स्पेअर लिहिली. आता मॉनिटर प्रत्येक वेळी फाइल वाचतो, एक स्पेअर असायला हवी असं धरतो आणि ती सापडत नाही म्हणून कळवतो. 'स्पेअर्स=१' एवढे शब्द खोडा, बाकी ओळ आणि यूयूआयडी (ॲरेचा ओळख क्रमांक) तसाच ठेवा, मग अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा, म्हणजे मशीन सुरू होताना वाचली जाणारी प्रतही बदलेल. रेड६ झाल्यावर ओळ पुन्हा नव्याने घ्या, पण या खेपेला रीशेप संपल्यावर.

आणि मॉनिटरला 'वनशॉट' आणि 'टेस्ट' देऊन एक चाचणी मेल पाठवून बघा.

नौपाडेकर

खोडलं, मशीन पुन्हा चालू केलं. स्पेअरचा मेल आला नाही. चाचणीचा आला, पण स्पॅममध्ये जाऊन पडला होता. तिथून बाहेर काढून पत्ता ओळखीच्यांत टाकलाय. बायकोच्या फोनवरही जाईल असं केलंय, मी शूटवर असलो तर ती बघेल.